एका भगिनीसाठी

हल्ली रविवारी उपासनेला बसले की मी कानातलं यंत्र हळूच काढून रुमालात बांधून ठेवते. सुनेला वाटतं, बॅटरी संपली. बॅटरी संपलेली नसते, मीच संपलेली असते. मोठमोठ्यानं केलेल्या प्रार्थना ऐकून ऐकून माझे कान शिणले आहेत, आणि त्यातल्या निम्म्याअधिक माझ्याच होत्या, हेही कबूल करायला हवं.

बंगलोरात मुलाच्या व्हाइटफील्डच्या घरी मी राहते. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांचा फोनवर एक गट आहे. रोज सकाळी त्यावर प्रार्थनेचे विषय येतात. कुणाच्या पित्ताशयातले खडे, कुणाच्या जावयाची नोकरी. आणि मधूनच ते ठरलेलं वाक्य येतं: एका भगिनीसाठी प्रार्थना करा, नाव सांगत नाही. नाव सांगत नाहीत खरं, पण ती कितव्या मजल्यावर राहते आणि तिचा नवरा कुणाबरोबर दिसला, ते सगळं देवाच्या माहितीसाठी दिलेलं असतं. हे वाचलं की मला पंचविशीतली मी आठवते आणि बसल्या जागी थकवा येतो. त्या मुलीला गाठून तिच्या तोंडावर हात ठेवावा असं वाटतं. पण ती साठ-पासष्ट वर्षं लांब आहे आणि शिवाय कुणाचं ऐकणारी नव्हती.

ती लग्न होऊन नगरकडून बंगलोरला आली, तेव्हा पन्नासचं दशक सरत आलं होतं. ह्यांना सरकारी कारखान्यात नोकरी होती. शहराच्या पूर्वेला वसाहतीत दोन खोल्यांचं क्वार्टर, पुढे हातभर अंगण, आणि घरात आम्ही तिघं: हे, मी आणि सासूबाई. बंगलोरात चर्चं उदंड. इंग्रजी उपासना होती, कानडी होती, तमिळ होती. मराठी मात्र कुठे नव्हती. म्हणून आम्ही सातआठ मराठी ख्रिस्ती घरं एकमेकांना धरून होतो. बायकांची प्रार्थनासभा दर शनिवारी दुपारी, पाळीपाळीनं एकेकीच्या घरी भरे. गीत, शास्त्रवाचन, थोडा बोध, मग विषय, मग प्रार्थना, मग चहा.

यातला 'विषय' हा भाग सगळ्यात रंगे. प्रार्थनेआधी ज्या बाईचं जे ओझं असेल ते तिनं सांगायचं, म्हणजे सगळ्यांना मिळून ते देवापुढे ठेवता येतं. चांगली रीत होती. पण स्वतःचं ओझं सांगायला जीव जड होतो आणि दुसरीचं सांगायला हलका, त्यामुळे आमच्या सभेत बहुतेक ओझी शेजारणीची असायची. निंदा करणं पाप आहे हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. म्हणून आम्ही निंदा करत नव्हतो. आम्ही डोळे मिटून, हात जोडून, काळजी करत होतो.

आणि या सगळ्यात माझी प्रार्थना म्हणजे कळस. मिशनच्या शाळेत शिकलेली मी. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक उपदेशकाची चांगली चांगली वाक्यं मी वहीत उतरवून घ्यायची आणि पोळ्या लाटताना पाठ करायची. 'हे करुणासागरा' म्हणून मी जी सुरुवात करी, ती सृष्टीच्या उत्पत्तीपासून निघून वाटेत अब्राहामाला, मोशेला भेटून, आमच्या वसाहतीपर्यंत येईतो चुलीवरचं चहाचं आधण आटून जाई. बायका म्हणत, हिच्या जिभेवर प्रभूनं मध ठेवलाय. मी लाजून 'छे हो' म्हणे आणि पुढच्या शनिवारी आणखी चार वाक्यं वाढवी.

सासूबाई मात्र मला अगदीच अळणी वाटत. त्या जन्मभर बायबलबाई होत्या. म्हणजे मिशनच्या वतीनं खेडोपाडी पायी हिंडून बायकांना शुभवर्तमान सांगायचं, हे त्यांचं काम. तीस वर्षं त्यांनी ते केलं, पायाच्या टाचा फुटून गेल्या होत्या. मला वाटलं होतं, अशी बाई बोलण्यात किती तयार असेल! तर त्या दिवसाकाठी मोजून दहा वाक्यं बोलत. सभेत त्यांची प्रार्थना सुरू झाली म्हणेपर्यंत आमेन येई. एकदा मी त्यांना विचारलं, आई, खेड्यात जाऊन तुम्ही नेमकं सांगायचात काय? त्या म्हणाल्या, "उंबऱ्यात बसायचं. त्या जोंधळे निवडत असतील तर आपणही निवडायचे. त्यांचं सांगून झालं आणि 'बाई, तुम्ही कशाला आलात?' असं त्यांनी विचारलं, तर पुस्तक उघडायचं." मी विचारलं, आणि नाही विचारलं तर? "तर जोंधळे निवडून व्हायचे," त्या म्हणाल्या. मी मनात म्हटलं, म्हणूनच नगर जिल्हा अजून निम्मा राहिलाय.

आमच्या सभेला एक शिक्षिका येत असे. माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणे. आईवडील नव्हते. शहराच्या दुसऱ्या बाजूला, मल्लेश्वरममध्ये एका जुन्या मराठी घराच्या मागच्या खोलीत भाड्यानं राही आणि तिथल्याच एका शाळेत शिकवी. बारीक, शांत, खडूची पांढरी पूड कायम बोटांवर. सभेत ती विषय सांगत नसे आणि दुसरीच्या विषयांवर मानही हलवत नसे. तिचं लग्न ठरत आलं होतं. सभेतल्या सगळ्यात ज्येष्ठ बाईंचा, ज्यांना आम्ही सगळ्याच आत्याबाई म्हणत असू, त्यांचा भाचा सोलापूरला मास्तर होता. दोघांची चारसहा पत्रं झाली होती. तो नाताळात बंगलोरला येणार, समोरासमोर भेटणार, आणि सगळं जुळलं तर मंडळीत लग्नाची सूचना वाचली जाणार. एकोणतिसाव्या वर्षी हे घडत होतं. त्या काळात एकोणतीस म्हणजे काय, हे आजच्या मुलींना सांगून कळणार नाही.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सभा संपल्यावर मी तिला बसथांब्यापर्यंत पोचवायला गेले. बस लवकर येईना. थांब्याच्या दगडी बाकावर आम्ही बसलो होतो. आणि ती अचानक बोलायला लागली. चोविसाव्या वर्षी तिला क्षय झाला होता. दोन वर्षं ती आरोग्यधामात होती. आता सगळं साफ होतं, डॉक्टरांनी तसं लिहून दिलं होतं. पण हे त्याला पत्रात लिहायला तिचा हात धजेना. तो आला की पहिल्याच भेटीत आपल्या तोंडानं सांगायचं, मग त्यानं हो म्हणावं की नाही, ते त्यानं ठरवावं, असं तिनं पक्कं केलं होतं.

हे तिनं मला का सांगितलं, ते तिनं मला सांगितलंही होतं. "मला एकदा हे मोठ्यानं बोलून बघायचं होतं," ती म्हणाली, "म्हणजे त्याच्यासमोर आवाज कापणार नाही."

एवढंच तिला हवं होतं. दोन कान. माझ्याजवळ होते की ते, डोक्याच्या दोन्ही बाजूंना, कुड्या घातलेले! पण ती क्षय म्हणाली तिथपासून मी माझं बोलणं जुळवायला घेतलं होतं. ती 'रक्त' म्हणाली तेव्हा मला बायबलातलं एक वचन आठवलं. ती 'दोन वर्षं' म्हणाली तेव्हा मी ते वचन कुठे घालावं हे ठरवत होते. तिचं वाक्य संपायच्या आत मी तिचा हात धरला आणि परीक्षा, भट्टीत शुद्ध होणारं सोनं, प्रभूची योजना असं सगळं तिच्या अंगावर ओतलं. ती खाली बघत राहिली. बस आली. चढताना एवढंच म्हणाली, हे तुझ्यापाशीच. मी म्हटलं, ताई, मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन.

त्यानं तिचं समाधान झालं असावं, बिचारीचं.

पुढच्या शनिवारी सभा माझ्याच घरी होती. आणि बोधही माझाच होता. विषय कुठला निवडावा मी? जीभ. बायबलातल्या याकोबाच्या पत्रातला. माणसानं ऐकायला तत्पर आणि बोलायला सावकाश असावं. जीभ एवढीशी, पण रानाला आग लावते. यावर मी पाऊण तास बोलले. घोड्याचा लगाम सांगितला, जहाजाचं सुकाणू सांगितलं, समुद्र न पाहिलेल्या बायकांना लाटा सांगितल्या. सासूबाई कोपऱ्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला वाटलं, ऐकताहेत. नंतर कळलं, त्यांना पेंग येत होती.

मग विषय सांगून झाले, आणि समारोपाची प्रार्थना माझ्याकडे आली. त्या दिवशी मला जोर चढला होता. जिभेवरच्या बोधाचं यश डोक्यात होतं. नेहमीची वाट चालून मी दुःखितांपाशी आले, आणि माझ्या तोंडून निघालं, "हे महावैद्या, आमच्यातल्या एका भगिनीसाठी आम्ही तुझे उपकार मानतो." इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण वाक्य फार सुंदर चाललं होतं. तू जिची फुप्फुसं आरोग्यधामात दोन वर्षं आपल्या हाती धरलीस, मी म्हणाले, आणि जिच्यासाठी या नाताळात तू मंगल दिवस योजला आहेस, तिला सत्य सांगण्याचं धैर्य दे.

नाव मी घेतलं नाही. ही माझी अक्कल. सातआठ बायका, त्यात नाताळात जिचं मंगल होतं अशी एकच.

आमेन आलं, पण नेहमीसारखं एकदम आलं नाही. एकेक करून, अडखळत आलं. मी डोळे उघडले. आत्याबाई ताईकडे बघत होत्या आणि बाकीच्या आत्याबाईंकडे. ताई उठली. तिनं गायनाचं पुस्तक बंद करून माझ्या टेबलावर सरळ ठेवलं, आमच्या मंडळीच्या रीतीनं सगळ्यांना सलाम केला, दारात चपला घातल्या आणि गेली. तिच्या वाटणीची शंकरपाळी बशीत तशीच राहिली. आत्याबाईंनी चहा मात्र घेतला.

माझ्या अजून लक्षात आलं नव्हतं, यावर विश्वास बसेल कुणाचा? बायका गेल्यावर मी सासूबाईंना विचारलं की ताई अशी का गेली, आणि माझी प्रार्थना कशी झाली. खरंच विचारलं. त्या बश्या गोळा करत होत्या.

"त्यातलं देवाला ठाऊक नव्हतं असं काही होतं का गं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नाही.

"मग कुणाला सांगत होतीस?"

त्या बश्या घेऊन मोरीवर गेल्या. पाण्याचा आणि बश्यांचा आवाज येत राहिला. आतून त्या एवढंच म्हणाल्या की प्रभूनं प्रार्थनेला आतल्या खोलीत जाऊन दार लावायला सांगितलंय. आपल्या क्वार्टरला आतली खोली एकच आहे, पण दार आहे.

आत्याबाईंनी त्याच संध्याकाळी सोलापूरला पत्र टाकलं. नाताळात तो आला नाही. त्याच्या आईचं चार ओळींचं पत्र तेवढं आलं. आजाराबद्दल आमचं काही म्हणणं नाही, असं त्यात लिहिलं होतं, पण मुलीनं लपवून ठेवलं याचं वाईट वाटलं. लपवून! जी पोरगी सांगायची तालीम करत होती, तिनं लपवलं. हे मला आत्याबाईंनीच सभेत सांगितलं, विषय म्हणून.

नाताळ झाल्यावर मी मल्लेश्वरमला गेले. दोन बस बदलून जावं लागे, आणि मला तेव्हा दिवस गेले होते, पाचवा महिना. वाटेत मी माफी तयार केली. उत्तम माफी होती. तिला आरंभ होता, मध्य होता, आणि शेवटी मी रडणार होते.

घरमालकीणबाईंनी दार उघडलं. तीनचारशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं मराठी घराणं त्यांचं. बोलणं निम्मं आपलं, निम्मं कानडी. "या अक्का, बसा, स्वल्प दम घ्या," म्हणाल्या, माझ्या पोटाकडे बघून. ताई मागच्या खोलीत मुलांच्या वह्या तपासत होती. मी दारातच सुरू झाले. तिनं पेन खाली ठेवलं आणि सगळं ऐकून घेतलं, आरंभ, मध्य, रडणं. मी थांबल्यावर म्हणाली, "झालं? आमेन म्हणू?"

मी पदरानं डोळे पुसले.

"त्या दिवशी बाकावर मी बोलत होते, तेव्हाही तू हेच करत होतीस. तुझे ओठ हलत होते." तिनं पेन उचललं. "मला ते दिसलं होतं, आणि तरी मी सांगत राहिले. एवढीच माझी चूक."

घरी परत येईपर्यंत पाय भरून आले होते. सासूबाईंनी कोमट पाण्यात मीठ घालून परात पुढे सरकवली. मी सांगितलं, सगळं बोलले, तरी तिनं माफ केलं नाही. त्यांनी विचारलं, तिला बोलायला जागा ठेवली होतीस का? मग त्यांच्या हिशेबी खूप लांब असं एक भाषण झालं. "ईयोबावर एवढं संकट आलं तेव्हा त्याचे मित्र आले ना, तर सात दिवस त्याच्याजवळ भुईवर बसून राहिले. एक शब्द बोलले नाहीत. तेवढंच त्यांनी बरं केलं. आठव्या दिवशी तोंड उघडलं, आणि बघ बायबलात त्याचं पुस्तक किती लांबलं."

म्हणजे जाऊन बसू? मी विचारलं. त्यांनी मान डोलावली. आणि ती हाकलून देईल तर? "तर परत यायचं. पुढच्या शनिवारी जायचं."

मी सभा सोडली आणि शनिवारी मल्लेश्वरमला जायला लागले. यात काही थोरपणा होता असं कुणी समजू नये. मला दुसरं काही सुचत नव्हतं, आणि सभेत तोंड दाखवायचीही सोय नव्हती. बायकांना माझ्याकडून आता पुढचा भाग ऐकायचा होता. ताईनं मला हाकललं नाही. या म्हणाली नाही, बस म्हणाली नाही. ती खोलीत वह्या तपासे, मी बाहेर पडवीत बसे. अवरेचे, म्हणजे इकडच्या पावट्याचे, दिवस होते. घरमालकीणबाई भिजवलेल्या दाण्यांचं पातेलं माझ्यापुढे ठेवत, आणि आम्ही दोघी दाणा चिमटीत दाबून सालातून डाळ उडवत बसायचो. त्याचा वास नखांना दोन दिवस राहतो. त्या बाईनं मला एकदाही विचारलं नाही की तुमचं दोघींचं काय झालंय. मी तिला सांगायला किती आसुसले होते! जीभ नुसती दातांवर येऊन उभी राही. एकदा न राहवून मी उघड्या दाराकडे बघून म्हटलं, ताई, आज हवा छान आहे. आतून लाल पेनाचा कर्रकर्र आवाज आला. त्या मुलाचे त्या दिवशी मार्क गेले असणार.

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला, अवरे संपले. माझं पोट एवढं वाढलं की बसमध्ये कंडक्टर मला बघितलं की आधीच कुणाला तरी उठवून ठेवी. हे म्हणायला लागले, आता पुरे, कुठे पडशील. मलाही पुरे झालं होतं. बसनं अंग आंबून जाई, पडवीतल्या फरशीनं पाठ धरे, आणि हाती काही लागत नव्हतं. पण आश्चर्य म्हणजे एवढ्या शनिवारांत मला बऱ्याच गोष्टी ऐकू यायला लागल्या होत्या. वह्या तपासताना ती मध्येच थांबायची. एखाद्या मुलाचं काही वाचून नाकातून हसायची. कधी कधी पेन बराच वेळ चालतच नसे. तेव्हा मीही अंग न हलवता बसत असे.

मार्चमधल्या एका शनिवारी ती बाहेर आली आणि पडवीत माझ्या शेजारी बसली. दुपारचे तीन वाजले असतील. समोरच्या घराच्या कंपाउंडात कुणीतरी कपडे वाळत घालत होतं. तिकडे बघत ती बोलायला लागली.

संध्याकाळ होईपर्यंत ती बोलत होती. मी एक वचन म्हटलं नाही. मला आठवत होती, चांगली सहासात. एकदा तिचा आवाज कापला आणि माझं तोंड उघडलं, आणि मी ते मिटलं. पोटातलं बाळ लाथा मारत होतं, तेही मी तिला सांगितलं नाही. घरमालकीणबाईंनी दोन वेळा कॉफी आणून ठेवली आणि दोन्ही वेळा न बोलता आत गेल्या. शेवटी दिवे लागले तेव्हा ती उठली, पदर झटकला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पुढच्या शनिवारी येताना लिंबं आण. इथली फार महाग झालीत."

तिनं पुढे लग्न केलं नाही. माझ्यामुळे, की तिच्या मनानं, हे मला माहीत आहे आणि मी ते सांगणार नाही. त्या शाळेतच ती मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली, माझ्या दोन्ही मुलांना तिनं गणित शिकवलं, आणि चार वर्षांपूर्वी गेली. हे सगळं लिहायला बसले तेव्हा मनात आलं, तिचा क्षय तरी लिहावा की नाही? पण त्याबद्दल ती स्वतःच म्हणायची, ते तर तू आधीच जाहीर करून टाकलंयस, आता लपवून काय उपयोग! म्हणून तेवढं लिहिलं.

पडवीत ती काय बोलली ते विचारणारे पुष्कळ झाले. पुढल्याच आठवड्यात आत्याबाई क्वार्टरवर आल्या होत्या, तिच्यासाठी प्रार्थना करायची म्हणून. मी त्यांना चहा दिला. आता नाती विचारतात, आजी, आम्हाला तर सांग, आम्ही कुठे कुणाला सांगणार? आणि माझा चेहरा बघून हसतात.

पहिल्यांदा विचारलं ते सासूबाईंनी, त्याच संध्याकाळी. उशीर झाला म्हणून त्या अंगणाच्या फाटकाशी उभ्या होत्या. त्यांनी मला हात धरून आत नेलं, परात पुढे ओढली आणि माझ्या पायांवर पाणी ओतता ओतता म्हणाल्या, "बोलली?"

मी म्हटलं, हो.

"काय म्हणाली?"

"लिंबं आणायला सांगितलीत," मी म्हटलं.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा पाणी ओतायला लागल्या.